टोपी खुंटीवर आहे

दवाखान्यात जायची वेळ आली की धांदल नको, म्हणून एक यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चादर, थर्मास, चार्जर... एकूण नऊ वस्तू. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मामांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्या नऊही वस्तू चार मिनिटांत पिशवीत गेल्या. घाटनांदूरहून निघालेली गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली आणि मामांनी डोक्यावरून हात फिरवला.

"टोपी राह्यली गं."

"उद्या आणते, मामा."

"ऱ्हाऊ दे. तुजंच उत्तर बरुबर आलं. टोपी खुंटीवर, अन् मी गाडीत."

आणि ते हसले. टोपी न्यायची वेळ आलीच नाही... पण ते का हसले हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, निवृत्त ग्रामसेवक. मामी गेल्यावर ते आमच्याकडे अंगणालगतच्या खोलीत राहायला आले. माझ्या मुलीने लॉच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक आणलं होतं, त्यातली आठ पानं सोडवली आणि ती फार्मसीला गेली. पुस्तक मी रद्दीच्या यादीत टाकलं. मामांनी ते गठ्ठ्यातून ओढून काढलं आणि चहा पिता पिता सांगितलं, "मी वकील व्हनार हाय." वय चौसष्ट.

कारण होतं. शेताच्या बांधावरून त्यांची एक केस वर्षानुवर्षं चालली होती. निकाल त्यांच्याच बाजूने लागला, पण एकाही तारखेला त्यांना बोलायला मिळालं नाही. तोंड उघडलं की त्यांचाच वकील सदरा ओढून त्यांना खाली बसवायचा. "बांध माजा, केस माजी, अन् गप मीच बसायचं. एकदा उभं राहून बोलायचंय मला," ते म्हणायचे. त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी वेळापत्रक केलं.

सामान्य ज्ञान त्यांना पेपर वाचून येत होतं, कायदा कोर्टाच्या बाकावर बसून. अडलं ते जर-तरच्या प्रश्नांवर. दिलेल्या विधानातून जेवढं निघतं तेवढंच म्हणायचं, हे काही त्यांना जमेना. पुस्तकात होतं : 'पाहुणे आले तरच लग्न लागेल. पाहुणे आले आहेत. लग्न लागले का?' बरोबर पर्याय ड, 'निश्चित सांगता येत नाही'. मामांनी खूण केली 'नाही'वर.

"असं कसं, मामा?"

"पुढारी आला का? लिवलंच न्हाई. त्यो आल्याबिगर अक्षता पडतेत का?"

"पुढाऱ्याचा इथं विषयच नाही."

"मंग हे लगीन आपल्याकडचं न्हाई."

खरी अडचण ड हीच होती. आमच्या भागात रस्ता विचारा, माहीत नसलेला माणूसही हात करून दिशा दाखवेल, पण विचारणाऱ्याला रिकामं पाठवणार नाही. मामा तर ग्रामसेवक. "गावानं कायबी इचारलं तरी 'सांगता येत न्हाई' असं कदी म्हनलो न्हाई," असं ते अभिमानाने सांगायचे. ते खरं आहे. त्यामुळे गावात झालेले घोटाळेही मला तोंडपाठ आहेत.

शेवटी मी घरचं उदाहरण घेतलं. "मामा घरात असले तर टोपी खुंटीवर असते. टोपी खुंटीवर आहे. मामा घरात आहेत का?"

"हाय की."

"चूक. ड. टोपी ठेवून बाहेर गेले असतील."

"टोपीबिगर मी फाटकाच्या भाईर कदी गेलतो का?"

आठ दिवस हे भांडण चाललं. मी सकाळी दारात उभी राहिले की ते आतूनच सांगायचे, "टोपी खुंटीवर हाय, म्हंजी मी घरात हाय. म्होरला प्रश्न इचार."

परीक्षा देऊन आले तेव्हा चेहरा उतरलेला. "तुजं ऐकलं. चार जागी ड केलं. लई लाज वाटली." त्या चार ड-नी म्हणा किंवा कशाने म्हणा, मामांना प्रवेश मिळाला. कॉलेजच्या खिडकीवर कागद देताना क्लार्कने विचारलं, "विद्यार्थी कुठाय?" मामा म्हणाले, "तुमच्या म्होरं."

पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला उभं राहून ओळख करून द्यायला सांगितलं. मामांची पाळी आली आणि त्यांनी बांधापासून सुरुवात केली. तास संपला तेव्हा ते तिसऱ्या तारखेपर्यंत पोहोचले होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "कुनीबी सदरा वढला न्हाई गं."

चार महिने ते रोज एसटीने गेले. मग ती सकाळ आली.

आता खोली आवरायची यादी मी केली आहे. पुस्तकं वर्गातल्या एका मुलीला दिली, कपडे वाटले, गादी उन्हात घालून आत घेतली. अकरापैकी दहा कामांवर बरोबरची खूण झाली. टोपी तेवढी राहिली आहे. सकाळी झाडायला गेले की समोर तीच दिसते आणि प्रश्न आपोआप मनात येतो. टोपी खुंटीवर आहे. मामा घरात आहेत का? आठ दिवस मीच त्यांच्याशी भांडले होते, नियम मला पक्का ठाऊक आहे. त्या नियमाने 'नाही' हे उत्तर चुकीचं ठरतं.

यादीत टोपीच्या ओळीपुढे मी ड लिहून ठेवलं आहे.