चंदेरी अँटेना आणि अक्काचा ओटा

मी शांत माणूस आहे असं माझी बायकोसुद्धा म्हणत नाही. त्या दिवशी तर औशाहून लातूरपर्यंत मोटारसायकलवर मी एकटाच मोठमोठ्यानं भांडत आलो. समोरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला वाटलं असेल, ह्याला ऊन चढलंय.

भांडण अक्काच्या ओट्याचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औशाजवळच्या गावात एकटी राहते आणि दारातल्या ओट्यावर मशीन मांडून गल्लीभरचे ब्लाउज शिवते. तो ओटा गेला तर तिचं दुकानच गेलं. गल्लीत सिमेंटची नाली झाली. खालची अर्धी दसऱ्याच्या आधी, अक्काच्या दारातली दसऱ्यानंतर. परतीचा पाऊस झाला आणि पाणी पुढं जायचं सोडून तिच्याच दारात तुंबलं. नालीचे साहेब आले, बघितलं आणि निकाल दिला: ओट्यानं प्रवाह अडतो, सोमवारी तोडणार.

"नाली काल आली अन् वटा आडवा आला व्हय रे?" अक्का कडाडली. "जगाची जमीन मोजत फिरतोस. माझ्या दारातलं एवढं मोजून दे."

मी खाजगी मोजणीदार. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावली. ओट्याचा काही संबंधच नव्हता. नालीचा नवा तुकडा जुन्यापेक्षा चार बोटं खोल गेला होता.

लातूरला साहेबांना हे सांगितलं, तर ते हसले. "उपग्रहानं मोजलंय हो. उपग्रह चुकतो का?"

त्यांच्या कचेरीच्या पायरीवर तिची समुद्रसपाटीपासूनची उंची जुन्या काळी कोरलेली आहे. मी माझं यंत्र आणलं, त्याच उपग्रहाच्या जाळ्याला जोडलं आणि पायरीवर उभं केलं. आकडा कोरलेल्यापेक्षा चार बोटं जास्त.

"साहेब, पायरी वाढली की तुमची! खतपाणी घालता काय?"

मी थेट गच्ची गाठली, ते धापा टाकत मागं. आसपासची यंत्रं जिच्यावरून आपली उंची ठरवतात ती जाळ्याची अँटेना ह्याच गच्चीवर असते, पालथ्या वाटीसारखी. तिच्या गळ्यात झेंडूचा वाळका हार, आणि वाटी अशी चकाकत होती की तोंड बघून भांग पाडावा. चंदेरी रंग! फाटकाला लावतात तो, धातूची भुकटी असलेला.

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते," साहेब म्हणाले. "मळकं कसं पुजायचं? फाटकाचा रंग उरला होता."

उपग्रहाचा संदेश त्या वाटीत नेमका कुठं पोचला, तो बिंदू डोळ्यांना दिसत नाही. तो आधी तपासून संगणकात भरून ठेवतात. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. वाटीला धातूचा रंग फासला की बिंदू सरकतो आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो. मग त्या अँटेनाच्या भरवशावर आसपासच्या तालुक्यांत जेवढी यंत्रं उंची मोजतात, ती सगळी एका सुरात खोटं बोलतात. जमीन आहे त्यापेक्षा उंच दाखवली की ठरलेल्या पातळीला यायला तेवढंच जास्त खोल खणतात. एकच यंत्र चुकलं असतं तर पकडलं असतं. सगळीच सारखी चुकली, तर ज्याच्या दारात पाणी तुंबतं त्यालाच लोक खोटा ठरवतात.

"लेखी द्या," मी म्हणालो.

"लेखी दिलं तर दसऱ्यापासूनच्या बाकीच्या कामांचं काय?"

"तेच विचारायलोय ना!" मी असा ओरडलो की खाली टपरीवरची माणसं वर बघायला लागली. मग मीही गच्चीच्या कठड्याशी जाऊन हात पसरून जाहीर केलं: "ऐका हो! सोमवारी माझ्या बहिणीच्या ओट्याला पहार लागली, तर त्याच दिवशी मी ह्या कचेरीच्या पायरीला लावणार! ह्यांच्याच उपग्रहाच्या हिशेबानं ती चार बोटं वर आलीय!"

खाली शिट्ट्या पडल्या. साहेबांनी माझा शर्ट धरून मला मागं ओढलं आणि तिथंच, उभ्या उभ्या, ओटा तोडू नये असं लिहून दिलं. एवढंच. कारण लिहिलं नाही.

अँटेना बदलली, नालीचा तुकडा फोडून पुन्हा केला. फोडताना अक्का ओट्यावरून हलली नाही. धूळ उडाली की मशीनवर पदर धरायची आणि ठेकेदाराच्या सात पिढ्या काढायची.

पण त्या दिवसांत शिरूर अनंतपाळ तालुक्याकडं आणखी कुणाच्या दारात चार बोटं खोल खणलं, ते आजतागायत कुणी जाऊन बघितलेलं नाही. मी विचारायला गेलो की साहेब चहा मागवतात. मी तो पीत नाही.