गाण्याचं नाव दिसतंय का?

"गाण्याचं नाव दिसतंय का?"

अण्णांनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं. बिदरला माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, स्पीकर आणि टेप. कॅसेट जाऊन जमाना झाला तरी आमच्याकडे लोक त्याला टेपच म्हणतात. टेपचं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, आवाज फुटतो का, बेस कसा आहे, मोबाइल जोडता येतो का. नाव विचारणारे अण्णा पहिलेच. आणि तेही कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून, टेपच्या काचेला नाक टेकेल इतकं वाकून.

अण्णा आमच्या जनवाड्याचे. जनवाडा ते बिदर जीप चालवायचे. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. नाव कुणी घेत नसे, लहानथोर सगळ्यांचे ते अण्णाच. त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिलेला नव्हता. काहीही विचारा, "व्हय व्हय" म्हणून हसायचे. "अण्णा, आज उशीर कामून?" "व्हय व्हय." एकदा चौकात पोलिसानं त्यांची जीप अडवली. आधी कन्नडमधून झापलं, मग उर्दूत आला, मग दोन्ही एकत्र. अण्णा हात जोडून मंद हसत उभे. शेवटी पोलीसच दमला आणि "जाव चाचा, जाव" म्हणाला. गावात सगळे म्हणायचे, माणसानं राग गिळावा तर अण्णांसारखा. मीही म्हणायचो. तुम्हीही म्हणाला असता.

"नाव कशाला पाहिजे अण्णा?" मी विचारलं. "गाणं कानाला कळतंच की."

अण्णा जरा थांबून हसले. म्हणाले, "कॅसेटीवर फोटू असायचा, कळायचं. आता पेनड्राइव्हात समदी खिचडी. परवा एक बाई माहेरात मयताची माती करून यायली होती, आन गाडीत वरातीचं गाणं वाजायलं. लई वंगाळ वाटलं मला."

"मग बंद करायचं तेव्हाच."

"व्हय व्हय."

मी म्हटलं, स्वभाव. आणि एकेक टेप काढून दाखवू लागलो. पहिल्यात नाव दिसेना, नुसता नंबर. दुसऱ्यात दिसलं, पण मराठी-कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन चौकोन. अण्णांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यातल्या सगळ्या गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, आणि नावाआधी के, एम, नाहीतर एच. के म्हणजे कन्नड, एम म्हणजे मराठी, एच म्हणजे हिंदी. गाडीत जसे लोक बसतील तसं लावायचं. मला कौतुक वाटलं. "कोणी करून दिलं?" म्हणालो. यावेळी मात्र त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून उत्तर दिलं, "गाडीतली एक पोरगी हाय. गुणाची."

तिसरा टेप पसंत पडणार असं दिसलं. मोठी काच, त्यावर नाव सरकत जातं आणि खाली रंगीत पट्ट्या गाण्याबरोबर वरखाली नाचतात. स्पीकर वर फळीवर टांगलेले होते, आवाज दुकानभर घुमत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी टेपचा आवाज बटण दाबून बंद केला, पाठ फिरवून बोललो आणि परत वळलो.

दुकानात चिडीचूप. काचेवर नाव सरकत होतं, पट्ट्या नाचत होत्या. आणि अण्णा मान डोलवत होते. बोटांनी काउंटरवर ताल धरला होता.

"ह्योच द्या," ते म्हणाले. "आवाज लई गोड हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलोसुद्धा. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन लोखंडी पाना फरशीवर टाकला. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं दचकून आत पाहिलं. अण्णांची बोटं चालूच.

 खरंच सांगतो, काउंटर धरून उभा राहिलो. हा माणूस जीप चालवतो. दहा-बारा माणसं भरून, ट्रक-टँकरच्या रस्त्यावरून. आणि माझी लेक रोज त्याच जीपनं बिदरच्या कॉलेजला येते.

मी टेपची वायर उपटली. काच काळी झाली तेव्हा कुठे अण्णांनी मान वर केली आणि माझा चेहरा पाहिला. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"कवापासून, अण्णा?" मी हळूहळू, ओठ नीट हलवत विचारलं.

ते स्टुलावर बसले. "झाली की दोनतीन वर्सं. मशीन लावून बगितलं कानाला. नुसती घरघर. काडून ठिवलं."

"आन गाडी चालवायलात? माझी लेक बसायलीय तुमच्या गाडीत!"

"तीच तर माजा कान हाय," अण्णा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. पुढच्या सीटवर माझी लेक बसते. मागून हॉर्न वाजला की खांद्यावर एकदा हात. मोठी गाडी पुढे जायला बघत असली की दोनदा. कुणाला उतरायचं असलं की बाही ओढायची. ती नसली तर दवाखान्यातली नर्सबाई पुढे बसते, ती नसली तर दूधवाला. पेनड्राइव्हवर नावं टाइप करणारी गुणाची पोरगीही माझीच.

मी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "अण्णांना ऐकू येत नाही, तुला ठाऊक होतं?"  ती म्हणाली, "पप्पा, तुमाला कोन सांगितलं?"

 तीच पुढे बोलत राहिली. कॉलेज सुटायला उशीर झाला तर पोरींसाठी थांबणारे अण्णा एकटेच. बाकीचे ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी हाणतात, आरशात पोरींकडे बघतात. "त्यांना काई बोलू नका, पप्पा. घरी मम्मीला पण म्हाईत हाय." अख्ख्या गाडीला माहीत, माझ्या घराला माहीत. आवाजाचा धंदा करणारा मी, मलाच पत्ता नव्हता.

अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते. "आजवर कुणाला खरचटलं तरी का?"

"नाही."

"मग?"

ते खरंच होतं. त्यांच्या जीपला ओरखडा नव्हता. क्षणभर मलाही वाटलं, चाललंय तर चालू द्यावं. कुणाचं पोट कशाला मारावं? पण त्यांच्या खांद्यावरचा लेकीचा हात डोळ्यांपुढून हटेना.

"अण्णा," मी त्यांच्यासमोर वाकून म्हणालो, "येताना ती थकल्याली असती. एखाद्या दिवशी सीटवर डोळा लागला तिचा, तर?"

 इतका वेळ हसरा असलेला अण्णांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला.

"लागतो की डोळा," ते म्हणाले. "लागतो. मी तिला कोपरानं उटवतो." आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "पोरीला झोपूबी देत न्हाई मी. ह्ये डोस्क्यातच आलं न्हाई माज्या."

पेनड्राइव्ह खिशात ठेवून ते उठले. मी थांबा म्हणालो, पण त्यांची पाठ होती माझ्याकडे.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी जीप पुतण्याच्या हवाली केली आणि बिदरजवळच्या कोळारला एका कारखान्यात कामाला लागले. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, तितं मशिनींचा आवाज असा, की समदेच बहिरे. हसले. माझ्यावर राग नव्हता त्यांचा. लेकीचा मात्र होता. कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि माझं बरोबर होतं हे मी तिला कधी पटवू शकलो नाही.

नाव दिसणारा तो टेप पुतण्यानं नेला. मीच बसवून दिला.

मध्यंतरी माझी मोटारसायकल बिघडली म्हणून मी त्या जीपनं बिदरला निघालो. मी अगदी मागे, लेक पुढच्या सीटवर. टेप दणक्यात चालू. मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि लेकीचा हात पुतण्याच्या खांद्यावर गेला.

तो केवढ्यानं दचकला. "मला ऐकू येतंय की अक्का! हात कामून लावायलीस?"

तिनं हात झटकन मागे घेतला. मधल्या सीटवर नर्सबाई होती, तिच्या शेजारी दूधवाला. दोघांचेही हात सीटवरून पुढे गेले होते आणि तसेच थांबले होते.