हात खांद्याच्या वर

त्या गुरुवारी मी केंद्रात गेले ती अर्ज द्यायला. अर्ज पर्समध्ये होता, चार घड्या घातलेला. माझं अक्षर चांगलं आहे, आणि तीनदा कच्चा मसुदा करून मी तो स्वच्छ उतरवला होता. बदलीचा अर्ज असावा तसा. नवरा मारतो, हे एक वाक्य, आणि पुढेमागे सगळं 'महोदया' आणि 'ही नम्र विनंती'.

केंद्र म्हणजे यवतमाळातल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसची माडी. कापसाची ती वाईट वर्षं होती. खाली यंत्रं गंजत पडली होती आणि वरचा मोठा हॉल एका संस्थेने घरात मार खाणाऱ्या बायांसाठी घेतला होता. हॉलच्या कोपऱ्यांत अजून रुई अडकलेली असायची. कितीही झाडलं तरी दुसऱ्या आठवड्याला पुन्हा निघायची.

दाराशी सहा-सात बाया बसल्या होत्या. मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. माझी इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पर्सला खोचलेलं पेन. एकजण म्हणाली, "म्याडम आल्या. चला वं." दुसरीने पदराने खुर्ची पुसली. पुसलेल्या खुर्चीवर मी बसले. समोर रजिस्टर होतं. एका म्हातारीने अंगठा पुढे केला आणि मी पेन काढलं.

इतकंच झालं. केंद्र चालवणाऱ्या बाई मागाहून आल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर ड्रिल घेतलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही गळ्यातली शिट्टी काढली नव्हती. त्यांनी मला पाहिलं, रजिस्टर पाहिलं, आणि विचारलं, "मदतीला आलात का?" मी मान हलवली. मान हलवणं खोटं बोलण्यात धरायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्याकडे दोन पिढ्या कचेरीतल्या. माझे वडील, सासरे, नवरा, सगळे दहाला डबा घेऊन जाणारे आणि सहाला परत येणारे. आमच्या घरातून आवाज बाहेर जात नसे. मारण्याआधी नवरा खिडक्या लावून घ्यायचा. लावताना पडदाही नीट करायचा. सभ्य माणूस. मी केंद्रात लिहिण्याचं काम करते असं सांगितल्यावर तो खूश झाला. दर गुरुवारी स्कूटरने स्वतः सोडायला लागला. ऑफिसात सांगायचा की आमच्या घरून समाजसेवा चालते.

अर्ज पर्समध्येच राहिला. मी ठरवायची, पुढच्या गुरुवारी द्यायचा. पुढच्या गुरुवारी पुन्हा खुर्ची पुसलेली असायची.

रजिस्टरात रकाने होते. गाव, वय, मुलं, त्रास कोणाकडून, किती वर्षांपासून. मी एकेकीला विचारायची आणि लिहायची. नवरा. नवरा. नवरा व सासू. नवरा. पाढे लिहावेत तसं. तेव्हा मला एकूणच काही वाटत नसे. चहाचा पेला हातात धरला तर चटका उशिरा कळायचा. सणाला मी पुरण वाटायची, भावाला मुलगी झाली तेव्हा बारशाला गेले, हसले, फोटोत आहे. पण त्यातलं काहीही माझ्यापर्यंत पोचलं नाही. मला वाटायचं, वय होतंय. वय होतं चौतीस.

लिहून झालं की बाई काम सुरू करायच्या. कापडाच्या दुकानातून आणलेला खाकी कागद जमिनीवर पसरायचा. एका बाईने त्यावर निजायचं, दुसरीने कोळशाने तिच्या अंगाभोवती रेघ ओढायची. ती उठली की कागदावर तिचा आकार राहायचा. मग वाट्यांमध्ये गेरू, हळद, नीळ आणि चुना. जिथे दुखतं तिथे एक रंग, जिथे बरं वाटतं तिथे दुसरा. कोणता कशाला, ते जिचं तिने ठरवायचं. पहिल्यांदा बाया लाजून नुसत्या हसत बसल्या. मग म्हातारीने आपल्या कागदावर कानापाशी नीळ थापली, आणि नंतर वाट्या पुरेनात.

मी रेघा ओढून द्यायची. माझी रेघ सरळ येते. माझ्याभोवती रेघ ओढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मॅडम कशाला निजतील?

फुलसावंगीची एक बाई होती. मार असह्य झाला तेव्हा यवतमाळला बहिणीकडे येऊन राहिली होती आणि आसपासच्या गावांत कापसाच्या वेचणीला जायची. तिशीची, काटक, आणि जीभ तिखट. तिने आपल्या कागदावर पाठ सोडून सगळीकडे रंग लावला. मी म्हटलं, पाठ राहिली. ती म्हणाली, "म्याडम, हे समोरची बाजू हाये. पाठ मांगं हाये." आणि कागद उलटा करून मागची बाजू रंगवायला बसली. सगळ्या हसल्या. मीही तोंड हसण्यासारखं केलं.

कागदांनंतर बाईंनी नाच बसवायला घेतला, तो वेचणीवरूनच. टाळ्या-टिपऱ्यांत बाया लाजत होत्या, पण वेचणी म्हटल्यावर आपोआप ओळीत उभ्या राहिल्या. कमरेला ओटी बांधल्यासारखी, दोन्ही हात बोंडांवर, पाऊल पुढे, पुन्हा हात. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं आणि तरी ओळ एकसारखी पुढे जायची. बाई भिंतीशी उभ्या राहून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बघितलंत? एकीचाही हात खांद्याच्या वर जात नाही." खरंच जात नव्हता. वेचणीत जायचं कारणच नाही. डोक्यावर गाठोडं असलं तर ते धरायला हात वर जाणार, एवढंच.

"आपण तो वर नेऊ," बाई म्हणाल्या.

त्याच सुमारास एक बातमीदार आला. तेव्हा यवतमाळला बाहेरून पुष्कळ बातमीदार यायचे आणि कापसाबद्दल विचारायचे. तोही खुर्चीपाशी आला, कारण खुर्चीवर मी होते. विचारलं, "मॅडम, कापसाचे भाव पडल्यामुळे घरांमधली मारहाण वाढलीय का?"

मी म्हटलं, "हो. आर्थिक ताण हे मुख्य कारण आहे." असं मी सांगितलं. पहिल्या तारखेला ज्याचा पगार चुकला नाही अशा माणसाच्या बायकोने.

फुलसावंगीची बाई जमिनीवर गेरू कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "भाव पडला तं मारते. भाव चढला तं पेऊन येऊन मारते. कापसाले काहून बदनाम करता, म्याडम?"

बातमीदाराने माझं वाक्य लिहून घेतलं. तिचं घेतलं नाही. मला लाज वाटली. पुष्कळ महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते हे, आणि तेही रात्रीच्या जेवणापर्यंत उरलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाईंनी वेचणीची ओळ उभी केली. त्या दिवशी एकजण कमी होती म्हणून मलाही रजिस्टरामागून उठवून ओळीत घेतलं. मी फुलसावंगीच्या बाईशेजारी. ओळ पुढे सरकत बाईंच्या समोर आली. बाईंनी शिट्टी वाजवली आणि कसं करायचं ते दाखवायला आपला उजवा हात झटक्यात वर नेला.

अख्खी ओळ खाली वाकली. कोणी मान आत घेतली, कोणी डोळे मिटले, म्हातारी तर खालीच बसली. आयुष्यभर मुलींना हात वर करायला शिकवणाऱ्या त्या बाई हात तसाच वर ठेवून उभ्या राहिल्या. चूक त्यांच्या लक्षात आली, पण हात खाली कसा आणावा ते त्यांना सुचेना. खाली आणला तर बाया पुन्हा वाकतील. शेवटी त्या म्हणाल्या, "आता मी हात खाली घेते. हळू घेते," आणि अगदी हळूहळू घेतला. त्यानंतर प्रत्येक वेळी आधी सांगून मगच त्या हात उचलत.

मी सरळ उभी होते, निदान मला तसं वाटत होतं. मग दिसलं की माझा डावा हात माझ्या तोंडावर आहे.

जिन्यात फुलसावंगीची बाई माझ्या मागोमाग उतरली. "म्याडम, तुमचा डावा हात तोंडावर गेला. मंजे मारते थो उजव्या हाताचा हाये." मी पायऱ्या उतरत राहिले. "माया बी उजव्याच हाताचा हाये," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. रस्त्यावर नवरा स्कूटर चालू ठेवून थांबला होता. मी मागे बसले. घरी जाऊन भाकरी केल्या.

आठवडाभर मी वाट पाहिली की ती कोणाला सांगेल. कोणाला सांगितलं तर मी जाणं बंद करणार होते. हे पक्कं ठरवलं होतं. तिने कोणालाही सांगितलं नाही. गुरुवारी मी हॉलमध्ये आले तेव्हा खुर्ची पुसलेली होती आणि खुर्चीपुढे खाकी कागद पसरलेला होता. ती कोळसा घेऊन उकिडवी बसली होती.

"निजा," ती म्हणाली.

मी पर्स खुर्चीवर ठेवली आणि निजले. फरशी थंड आहे हे मला कळलं. ती पायापासून रेघ ओढत वर आली. तिची रेघ वाकडीतिकडी होती, कोळसा दोनदा तुटला. खांद्यापाशी येऊन म्हणाली, "हात वर ठेवता का?" मी प्रयत्न केला. नाही झालं. हात अंगालगतच राहिला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि तसाच काढला.

त्या दिवशी नवऱ्याच्या साहेबांकडे जेवायला जायचं होतं, म्हणून तो मला लवकर न्यायला येणार होता. मी कागदावर असतानाच खाली हॉर्न वाजला. मी उठायला गेले तर उठता येईना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. बायांनी धरून बसवलं. पाय चांगलेच दुखायला लागले आणि मला रडू आलं. मुंग्या आल्या म्हणून रडतेय, असं मी मोठ्याने सांगितलं. कोणी वाद घातला नाही.

पर्समधून अर्ज काढून मी बाईंना दिला. घड्यांवर तो विरला होता. त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. मी जमिनीवरच होते. त्यांनी माझं पेन घेतलं, रजिस्टर उघडलं आणि मी सगळ्यांना विचारायची तसं, त्याच क्रमाने विचारायला लागल्या. गाव. वय. मुलं. खाली हॉर्न पुन्हा वाजला.

"त्रास कोणाकडून?"

इतक्या जणींचा हा रकाना मी भरला होता. उत्तर एका शब्दाचं होतं, तेच तोंडातून निघेना. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, या वेळी लांब. माझा डावा हात वर गेला. तोंडावर नाही, खिडकीकडे.

"खाली हॉर्न वाजवताहेत ना," मी म्हटलं, "त्यांच्याकडून."

बाईंनी लिहिलं. फुलसावंगीची बाई उठली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. बाईंनी पुढचा रकाना विचारला.

"किती वर्षांपासून?"

"नऊ," मी म्हटलं.