चादरीचं दुसरं टोक

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात घड्या घालायचं काम जोडीनंच चाले. दोघींनी समोरासमोर कोपरे धरायचे, हात डोक्यावर नेऊन झटका द्यायचा, मग जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा. मजुरी जोडीची, शिव्याही जोडीच्याच. एकीचा हात मंद पडला की दुसरीच्या पोटावर पाय. ही पद्धत काढणाऱ्या शहाण्याला एकदा तिथं आठवडाभर उभं करायला हवं होतं!

तिथं घड्या घालणाऱ्या काकीचा उजवा खांदा धरला आणि हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाला, "काही महिने हलकं काम करा." काकीला हसूच आलं. हलकं काम म्हणजे फाटक्या उशांना टाके घालायचं, आणि ते मालकानं केव्हाच बाहेर देऊन टाकलं होतं. मुकादम तसा वाईट नव्हता, पण त्याचं एकच पालुपद, "जमतंय तोवर या, नाहीतर घर आहेच." घरी नवरा होता, स्वतःचं काम सुटल्यापासून दिवसभर भिंतीला टेकून बसलेला. तो म्हणे, "तूही बस. सोबत होईल." त्या सोबतीचीच काकीला धास्ती वाटे. कामावर निदान चार तोंडं तरी बोलत होती.

तिची जोडीदारीण ताडमाड उंच, म्हणून सगळ्या तिला शिडी म्हणत. शिडीनं एका शब्दानंही न बोलता सांभाळून घेतलं. काकीनं टोकं नुसती कमरेशी धरायची, झटका सगळा शिडीचा. जोडी मागे पडायला लागली. मुकादम ओरडला की शिडी म्हणे, "अहो, म्हातारीला घेऊन चाललेय, जरा दमानं!" सगळ्या हसत. काकीही हसे, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं होई.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं पाहिलं, शिडीनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला. मनगट सुजून टम्म झालेलं.

"अगं बाई, हे काय?"

"काही नाही गं. मुंगी चावली."

"मुंगी चावली की म्हशीनं लाथ मारली?"

शिडीनं हात पदराखाली घेतला. काकीनं हातातली भाकरी डब्यात ठेवली. आपल्या खांद्यापायी हिचा हात चालला! त्याच संध्याकाळी तिनं मुकादमाला सांगून टाकलं, "उद्यापासून मी येत नाही."

शिडी तिच्यावर तुटून पडली. "मला विचारलंस का, काकी? एवढी शहाणी कधी झालीस?"

"तुला एखादी तरणीताठी मिळेल. हाताला आराम पडेल," काकी म्हणाली. घरी जाताना तिला रडू आवरेना, तरी मनाला समाधान होतं. एकीचं तरी काम टिकलं.

पुढच्याच महिन्यात शिडी दारात उभी, तीही कामाच्या वेळेला.

"सुट्टी घेतलीस?"

"कायमची." शिडी खाली बसली. "नवी मुलगी वाऱ्यासारखी पळते. पहिल्याच दिवशी ओरडली, या बाईकडून ओढवत नाही म्हणून. शेवटी मुकादमानं मला घरी बसवलं. हात माझा आधीच गेला होता, काकी. तुझा खांदा धरला त्याच्याही आधी. तू समोर होतीस म्हणून सगळ्यांना वाटायचं, उशीर तुझ्यामुळे होतो. मीही तसंच वाटू दिलं."

काकीला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"म्हणजे मी सोडायला नको होतं," ती म्हणाली.

शिडीनं 'छे गं' म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

"नको होतं," शिडी म्हणाली.