कोणाच्या हाताला लागलं होतं

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. आणि मी काही न बोलणारा माणूस नव्हे! मस्कतच्या रुवीत कोणालाही विचारा. मी तोंड उघडलं की समोरच्याची बिर्याणी थंड होते. माझ्या गोष्टीतला साप संपेपर्यंत अजगर होतो. अल अमेरातच्या चढावर बंद पडलेली गाडी मी एकट्याने ढकलत वर नेलेली असते — आणि आत चार माणसं बसलेली असतात. पण ही एक गोष्ट... गंमत अशी, की हीच मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली आहे. आणि हीच कधी सांगितलेली नाही.

गोष्ट कबड्डीची. आमच्या कोकणातल्या कॉलेजची, आंतरमहाविद्यालयीन फायनलची. इथल्या मराठी मंडळींना ती पाठ आहे. मैदानाभोवती वीस हजार माणसं — मैदानात पाचशे मावत नाहीत, पण असो — समोरचा चढाईवाला माडाएवढा, शेवटची चढाई, गुण बरोबरीत, आणि डाव्या कोपऱ्यात मी. त्याचा घोटा मी असा धरला की त्याच्या हाडावर अजून माझी बोटं दिसतात म्हणतात. कोण म्हणतं? मीच. टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाल्यापासून तर माझा भाव असा वाढला की काय सांगू!

घोटा मी धरला, हे खरं आहे. पण मी तेव्हा मैदानात कसा होतो? हे कोणी विचारलं नाही कधी.

बचावात आम्ही जोडीने हात धरून उभे राहतो. कोपऱ्यात मी, आणि माझ्या हातात सुधाकरचा हात. सुध्या. कॉलेजची सगळी वर्षं तो हात धरला होता मी. बायकोचासुद्धा एवढा धरलेला नाही. एकाने ओढलं की दुसऱ्याने झुकायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही. शेजारच्यावर विश्वास नसेल तर हा खेळ खेळताच येत नाही.

शेवटच्या चढाईच्या आधीची ती चढाई. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा गडी आला, हूल दिली, आणि जाताजाता आमच्या जोडलेल्या हातांवरून बोटं फिरवून पळाला. बरोबरी झाली. पण बाद कोण? आमच्याकडे रीत अशी, की पंचाने विचारायची वेळ येऊ द्यायची नाही. ज्याला लागलं त्याने आपण होऊन हात वर करायचा, आपल्या पायाने बाहेर जायचं. पंच थांबला होता. त्याला दोन हात दिसले होते, त्यातल्या कोणत्या हाताला लागलं ते दिसलं नव्हतं.

लागलं होतं मला. अंगठ्याच्या मुळाशी नखाचा ओरखडा उठला होता — चुरचुरत होता. शंका वगैरे काही नव्हती, बरं का. मी अंगठा मुठीत घेतला, वळलो आणि म्हणालो, "सुध्या, तुला लागलं रे. जा."

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि हात वर केला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे — घोटा, गुलाल, खांद्यावर मिरवणूक. विद्यापीठाच्या संघात मी गेलो. सुध्याचं नाव निघालं होतं, ते तिथेच कापलं. निवड करणारे म्हणाले, हाताला लागलेलं ज्याला कळत नाही, त्याला उभा कुठे करायचा?

मग मी मस्कतला आलो. काही वर्षांनी तोही आला, सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात. भेटत राहिलो. माझ्या गोष्टीत तो आधी नुसता बाद व्हायचा. पुढे घाबरून बाद व्हायला लागला. मग तर गोंधळून, धोतर सुटल्यासारखा. त्याच्यासमोर सांगायचो! तो हसायचा. सगळ्यांबरोबर.

तशात कॉलेजातून फोन आला. जुन्या खेळाडूंसाठी गौरव भिंत बांधतायत, संगमरवरी पाटीवर नावं. तिथले क्रीडाशिक्षक म्हणाले, "सर, तुमचं नाव पक्कं आहे. कोपऱ्यातल्या तुमच्या जोडीदाराचंही घालायचं म्हणतात काही जण. तुम्ही सांगाल तसं करू." मी म्हणालो, इन्शाल्ला, कळवतो.

शुक्रवारी दुपारी इथल्या मित्रांनी हॉटेलात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, केक — केकवर कबड्डीचं मैदान! सुध्या बायकोला घेऊन सोहारहून आला. कोणीतरी त्याच्या हातात माईक कोंबला. त्याला कुठे बोलता येतं?

"मी काय बोलू," तो म्हणाला. "त्या दिवशी मला लागलेलं कळलंच नव्हतं. आजपण सांगतो, नव्हतं कळलं. ह्या नान्याने सांगितलं म्हणून मी गेलो. नायतर तसाच उभा राहिलो असतो, आणि जन्मभर चोर ठरलो असतो. नान्याने माझी लाज राखली."

"हे घरीपण असंच सांगतात हो, भाऊजी," त्याची बायको म्हणाली. डोळे पुसत.

टाळ्या पडल्या. माईक माझ्याकडे आला. एक वाक्य — एकच — मला जमलं नसतं? मला, ज्याला वाक्यांची कधी टंचाई नाही? मी त्याला मिठी मारली आणि ओरडलो, "यल्ला, चला जेवायला!" माणसं हसली. मी दोनदा बिर्याणी घेतली.

रविवारी पुन्हा कॉलेजचा फोन. पाटी कोरायला द्यायची होती. ऑफिसच्या खुर्चीत बसून, चहा घेत, शांतपणे मी सांगितलं — एकच नाव घाला.

"पण सर, ते दुसरे..."

"त्याची चूक त्याने स्वतः कबूल केली आहे," मी म्हणालो. "परवाच. भर सभेत. विचारा कोणालाही."