हुकूम माझा होता

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. 'साक्ष लिहून द्या, साक्ष लिहून द्या' म्हणत आमच्या चर्चचे पाळकसाहेब वर्षभर मागे लागले होते, तेव्हा मी त्यांच्यावरही चिडलोच. इतरांच्या साक्षी वाचल्या की प्रभू त्यांच्याकडे कसा शांतपणे, वेळेवर, कोणाची गैरसोय न करता आलेला असतो. माझ्याकडे आला तेव्हा मी उपाशी होतो, घामानं निथळत होतो, गळ्यात झेंडूचा हार होता आणि मनातल्या मनात त्याच्याशीच कडाक्याचं भांडण चाललं होतं. तेव्हा ही साक्ष जशी आहे तशी घ्यावी.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून मी सुभेदार म्हणून अकोल्याला परतलो. ख्रिस्ती माणसानं बंदूक धरावी की नाही यावर घरी आणि मंडळीत मी पुष्कळ वाद ऐकले. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं की शत्रूचा द्वेष करायचा नाही आणि हाताखालच्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही. पहिली गोष्ट अवघड आणि दुसरी सोपी, असा माझा समज होता. रोज सकाळी गस्तीला निघण्याआधी मी एकेका जवानाचं नाव घेऊन प्रार्थना करायचो. आत्मस्तुती म्हणून हे सांगत नाही. उलट पुढचं ऐकल्यावर ते आणखीच वाईट दिसतं.

आमची पोस्ट डोंगरात होती. त्या दिवशी पहाटेपासून वायरलेसवर वरून तगादा लागला होता की गस्त निघाली का, कुठवर पोचली, उशीर का. मी वैतागलो होतो. खाली जायच्या दोन वाटा होत्या. जुनी वाट जवळची, पण पावसानं सुरुंग सरकले असतील म्हणून ती बंद केलेली. नवी वाट दोन तासांच्या वळशाची. मी जुन्या वाटेनं चला म्हणालो. गजानन नावाचा आमच्याच वऱ्हाडातला जवान पुढे होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, ते वाट बंद आहे ना?" मी त्याच्यावर खेकसलो. तो गेला. शंभरेक पावलांवर स्फोट झाला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली उडाला. मी त्याला पाठीवर घेऊन वर आणलं.

चौकशीत मी सांगितलं की जवान स्वतःहून ठरलेली वाट सोडून गेला. एवढं एकच वाक्य. गस्तीतले बाकीचे दोघं धुक्यात बरेच मागे होते, त्यांनी हुकूम ऐकला नव्हता. इस्पितळात गजाननला विचारलं तर तो म्हणाला, काही आठवत नाही. त्याला सगळं आठवत होतं. जखमी जवानाला जिवावर उदार होऊन आणलं म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि त्या रविवारी मी प्रभूचे आभार मानले. त्या आभारांची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

निवृत्तीनंतर मंडळीनं मला पंच निवडलं. आमच्याकडे जुनी रीत आहे. भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारी पाळक सांगतात, कोणाचं कोणाशी काही राहिलं असेल तर या आठवड्यात जाऊन मिटवून या. बहुतेक लोक शेजाऱ्याशी नळावरून झालेली भांडणं मिटवतात. मी दर वेळी मान खाली घालून बसायचो आणि पुढच्या रविवारी प्याला हातात घेऊन सगळ्यांना द्यायचो. दोन वर्षं असं चाललं.

मग पेन्शनच्या कामासाठी अमरावतीला गेलो असता सैनिक कॅन्टीनच्या रांगेत एक निवृत्त हवालदार भेटला. चांदूर बाजारकडचा, गजाननच्याच गावचा. त्या वर्षांत कपाशीनं कोणालाच हात दिला नव्हता, त्यामुळे गावातलं घरटी एक पोर भरतीच्या मैदानावर धावत होतं. हवालदार म्हणाला, भरतीला निघालेल्या प्रत्येक पोराला गजाननचे वडील पुंडलिकराव फाट्यावर गाठतात आणि सांगतात, 'हुकूम मोडू नोका बाप्पा. माह्या पोरानं मोडला, त्याचं काय झालं पाहा.' पुंडलिकराव गावचे जुने कोतवाल. तहसीलीचे हुकूम दारोदार पोचवण्यात जन्म गेलेला. पायाचं दुःख त्यांनी पचवलं, पोरानं हुकूम मोडल्याचं नाही. मी विचारलं, "अन् गजानन काय म्हणते?" हवालदार म्हणाला, "काय म्हणंल? खाली मान घालून ऐकते."

सामान न घेताच मी रांगेतून बाहेर पडलो. तिथून पुढचे पंधरा दिवस मी देवाशी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. हे सगळं मला कळवायची काय गरज होती? पत्र लिहून भागणार नाही का? पाळकसाहेबांकडे गेलो, ते 'प्रार्थना करा' म्हणतील आणि सुटका होईल या आशेनं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं पोस्टकार्ड माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "येतो म्हणून कळवा." मला त्यांचा भयंकर राग आला. पण मी लिहिलं की येत्या शनिवारी आपल्या भेटीला येत आहे, आणि खाली हुद्द्यासकट सही केली.

हुद्द्यासकट सही करायला नको होती. पोस्टकार्ड खेड्यात एकट्या माणसाला येत नाही, ते अख्ख्या गावाला येतं. बस बदलत, उभ्यानं प्रवास करत दुपारी फाट्यावर उतरलो तर समोर बँड! शाळेच्या पटांगणात मंडप, खुर्च्या, दोन मोठे भोंगे. कुबडी घेतलेला गजानन सगळ्यांच्या मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर बाजूला घेतली. मी पुंडलिकरावांना तीनदा म्हणालो, मला आधी घरी, एकट्यात बोलायचं आहे. ते हात जोडून म्हणत होते, "बोलू साहेब, निवांत बोलू. आधी कार्यक्रम होऊ द्या." कोणी चहा आणला, कोणी पाणी. मी दोन्ही तसंच बाजूला ठेवलं. शाल आली, नारळ आला, हार आला.

पुंडलिकराव माइकसमोर उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हातात भाषणाचा कागद होता. म्हणाले, "माह्या पोरानं हुकूम मोडला. त्याची सजा त्याले भेटली. पण या साहेबानं त्याले टाकून नाही देलं. पाठीवर घेऊन आनलं. असा माणूस म्या देवात बी नाही पाह्यला." टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसून प्रभूला म्हणालो, पुरे आता. मी इथवर आलो तो कबुली द्यायला आणि तू मला देव बनवून ठेवलंस! यातून वाट तुला काढायची असेल तर काढ, माझ्याच्यानं होत नाही. खरं सांगतो, त्यात भक्ती नव्हती. नुसता वैताग होता. उठायची ताकद माझ्यात नव्हती आणि शाल घेऊन गुपचूप परत जायचा विचारही मनात येऊन गेला होता.

तेवढ्यात वीज गेली. भोंगे खर्रकन बंद पडले. त्या दिवसांत आमच्याकडे बारा-बारा तास भारनियमन असायचं, त्यामुळे यात नवल काहीच नाही. मात्र त्या शनिवारी दुपारी त्या गावाची पाळी नव्हती, असं माइकवाला स्वतःच्या कपाळावर हात मारत सगळ्यांना सांगत होता. लोक बोलू लागले, हसू लागले. पुंडलिकराव गांगरून कागद उलटा-सुलटा करू लागले. पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेली एक म्हातारी मला मघापासून निरखत होती. ती कोण, कोणाची, हे मला आजही माहीत नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "अरे, हा माणूस आल्यापासून ना पानी पेला, ना चा. याच्या पोटात काहीतरी आहे. बोलू द्या ना याले!"

सगळे माझ्याकडे वळले. मी उठलो. भोंगा नव्हता, त्यामुळे भाषणही नव्हतं. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणालो, "पुंडलिकराव, गजाननने हुकूम मोडला नाही. त्यानं हुकूम पाळला. ती वाट बंद आहे हे त्यानं मला सांगितलं होतं. मी रागात त्याला त्याच वाटेनं पाठवलं. हुकूम माझा होता. चौकशीत मी खोटं बोललो."

पुंडलिकराव मागे वळले. "कावून नाही सांगतलं मले?" त्यांनी पोराला विचारलं. आवाज फुटला होता. गजानन जागेवरूनच म्हणाला, "सांगतलं असतं त तुमी साहेबाचं मानलं असतं का माहं, बाबा?"

 पुंडलिकराव खाली बसले. मग त्यांच्यातला कोतवाल जागा झाला असावा. हातातला भाषणाचा कागद त्यांनी उलटा केला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "लिहून द्या. समद्याइसमोर." मी मांडीवर कागद ठेवून सगळं लिहिलं, तारीख घातली, सही केली. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, अडखळत, एकेक शब्द. 'जवान गजानन याने हुकमाचे पालन केले' इथं आल्यावर त्यांना पुढे वाचता येईना. त्यांनी कागद पोराच्या हातात दिला आणि त्याच्या कुबडीला धरून लहान मुलासारखे रडू लागले. गजानन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मी पिशवी उचलून निघालो होतो. मंडपाच्या टोकाशी पुंडलिकरावांनी मला गाठलं. डोळे लाल होते. म्हणाले, "माफ नाही केलं म्या तुमाले. करीन का नाही, सांगता येत नाही. पन जेवल्याबिगर जाचं नाही माह्या दारातून."

त्यांच्या ओसरीवर मी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. गजानन शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "साहेब, अजून घ्या." मी घेतली. दोन वर्षांत इतकं पोटभर जेवलो नव्हतो.

त्या कागदाची नक्कल मी पलटणीला पाठवली, प्रशस्तिपत्रही परत केलं. तिकडे काय व्हायचं ते होईल, आणि माझ्या वाट्याला जे येईल ते मी घेईन. मंडळीच्या पंचपदाचा राजीनामा दिला, तो पाळकसाहेबांनी लगेच घेतला, आणि या वेळी मी चिडलो नाही. सैनिकाला शरण जायला कोणी शिकवत नाही, मलाही ते नीट जमलं नाही. मी चिडून, हात टेकून, दुसरा इलाज नाही म्हणून शरण गेलो, आणि प्रभूनं तेवढंही चालवून घेतलं याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पुंडलिकरावांनी अजून मला माफ केलेलं नाही. पण भरतीला निघालेल्या पोरांना ते आता फाट्यावर सांगतात, "माह्या पोरावानी व्हा."