फुटलेलं वांगं

काल जळगावात घरी भरताचं वांगं गॅसवर ठेवण्याआधी सुरीनं टोचलं आणि एकदम धुळ्याकडच्या आमच्या शाळेमागचं शेत आठवलं.

मी आठवीत होतो. इंग्रजीतला 'अनलेस' कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हता, आणि परीक्षा तोंडावर आली होती. तरी इंग्रजीच्या सरांनी त्या शेतात भरीत पार्टी ठरवली. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ पेटला, आणि सरांनी एक हिरवं वांगं तसंच आगीत टाकलं. शेतमालकीण अक्का म्हणाल्या, "सर, टोचं नही तर वांगं फुटसच."

सरांनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं फाटकन आवाज झाला आणि गर उडून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. आम्ही पोट धरून हसलो. सर शर्ट पुसत शांतपणे म्हणाले, "अनलेस यू प्रिक द ब्रिंजल, इट बर्स्ट्स."

परीक्षेत अख्ख्या वर्गानं तेच वाक्य लिहिलं.

सरांचा तो वेंधळेपणा मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलो. काल मात्र सुरी हातातच राहिली. सर तर पहूरचे, घरची वांग्याचीच शेती. असा माणूस वांगं टोचायला विसरेल?